गंगाखेडची जनाबाई व वारकरी पंथाचा आरंभकाळ : चार अभंगांची चिकित्सा

कोणत्याहि भक्तिपंथाच्या आरंभींचा इतिहास लिहूं लागलें म्हणजे संशोधकास एक अडचण हटकून येते. पंथाचा प्रवर्तक, त्याचे पट्टशिष्य, ग्रंथकार आणि प्रतिपक्षी यांचीं नांवें कागदांत सांपडतात. परंतु ज्या घरांत पंथ लहानाचा मोठा झाला त्या घरांतील स्त्रियांचें काम कागदावर क्वचितच उतरतें. वारकरी पंथापुरतें बोलावयाचें तर या नियमास जनाबाई हा मोठा अपवाद समजला जातो. तिच्या नांवावर सुमारें साडेतीनशें अभंग छापले गेले आहेत, आणि महाराष्ट्रांत तिचें नांव ठाऊक नाहीं असें घर विरळा.

असें असूनहि तिच्या अभंगांची कागदपत्राप्रमाणें चिकित्सा फारशी झालेली नाहीं. तिच्याविषयीं लिहिणारे दोन वाटांनीं जातात. भाविक चरित्रकार महीपतीच्या मागून जातात. देव तिच्याबरोबर दळतो. देवाचें पदक तिच्याकडे सांपडतें, तिच्यावर चोरीचा आळ येतो आणि सुळाचें पाणी होतें, या कथा ते सांगतात. 'भक्तविजय' शके १६८४ (इ. स. १७६२) मध्यें पूर्ण झाला, म्हणजे परंपरेनें मानलेल्या जनाबाईच्या निधनानंतर चारशें वर्षांनीं, तेव्हां तो तिच्या कीर्तीचा पुरावा आहे, चरित्राचा नव्हे. दुसरी वाट संशोधकांची. यांनां ज्ञानदेवाचा जन्मशक, नामदेवाच्या घरचीं माणसें किंवा संतांचे लेखनिक यांविषयीं आधार हवा असला म्हणजे ते जनीच्या गाथेंतून एखादा अभंग उचलतात, आणि काम झालें कीं गाथा मिटून ठेवतात. साक्ष घेतली जाते, पण साक्षीदाराची उलटतपासणी होत नाहीं. प्रस्तुत लेखांत ती करण्याचा विचार आहे.

प्रथम स्थळाचा विचार करूं. जनाबाईचें जन्मस्थान म्हणून परंपरा एकमुखानें गंगाखेड सांगते. हें गांव परभणी जिल्ह्यांत गोदावरीच्या कांठीं असून तेथें जनाबाईचें मंदिर आहे. नामदेवाच्या घराण्याचें मूळ गांव जें नरसी, तेंहि याच जिल्ह्यांतलें म्हणून दाखवीत असत, इ. स. १९९९ च्या १ मे रोजीं हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हां नरसी व विसोबा खेचराच्या कथेंतील औंढा नागनाथ हीं दोन्ही स्थळें त्या नव्या जिल्ह्यांत गेलीं. नरसी कोणती याविषयीं वाद आहे आणि कांहीं अभ्यासक ती कऱ्हाडच्या बाजूस दाखवितात, हें खरें. तथापि मराठवाड्यांतील परंपरा धरली तर दासी, तिचा धनी आणि धन्याचा गुरु हीं तिन्ही माणसें गोदावरी व पूर्णा यांच्या टापूंतलीं ठरतात. आणि ज्ञानदेवाच्या पूर्वजांचें आपेगांवहि त्याच गोदावरीच्या कांठीं वरच्या अंगास, पैठणजवळ आहे. पंढरपूर हें या मंडळींचें मिळण्याचें ठिकाण, पण त्यांचें मूळ या नदीच्या खोऱ्यांत आहे. हा प्रदेश इ. स. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता व तेथील सरकारी भाषा उर्दू होती. मराठी हस्तलिखितांचा शोध पुणें, मुंबई व धुळें या बाजूंनीं जितक्या नेटानें झाला तितक्या नेटानें तो येथें न होण्याचें हें एक उघड कारण आहे.

अभंगांवरून जनाबाईची माहिती मिळते ती थोडी आहे. बापाचें नांव दमा, आईचें करुंड. लहानपणींच ती पंढरपुरास दामाशेटी शिंप्याच्या घरीं आली आणि जन्मभर तेथें दासी म्हणून राहिली. परंपरा तिला नामदेवापेक्षां वडील समजते. नामदेवाचा काल शके ११९२ ते १२७२ (इ. स. १२७० ते १३५०) धरतात आणि आषाढ वद्य १३ हीच जनाबाईचीहि पुण्यतिथि मानतात.

आतां पुराव्याच्या प्रतीविषयीं. पंथाच्या आरंभकाळांतील स्त्रीचें काम कोणत्या प्रकारच्या साधनानें कळतें, हें दोन उदाहरणांशीं ताडून पाहिलें म्हणजे जनाबाईची स्थिति नीट ध्यानांत येईल.

पहिलें उदाहरण घरचेंच. महानुभाव पंथांतील महदाइसा ही जनाबाईच्या थोडी आधींची. तिचे 'धवळे' प्रसिद्ध असून मराठींतील आद्य कवयित्री म्हणून तिचा मान आहे. पण इतिहासाच्या दृष्टीनें तिचें भाग्य याहून मोठें आहे. म्हाइंभटानें 'लीळाचरित्र' जमविलें तेव्हां चक्रधरास प्रत्यक्ष पाहिलेलीं माणसें हयात होतीं, आणि त्या गद्य ग्रंथांत महदाइसा प्रश्न विचारतांना, शंका काढतांना, हट्ट धरतांना दिसते. पुढें महानुभावांनीं आपल्या पोथ्या सांकेतिक लिपींत बंद करून ठेविल्या. त्यामुळें त्या इतरांस दुर्मिळ झाल्या खऱ्या, पण गाणाऱ्यांच्या तोंडीं पडून बदलण्यापासून त्या पुष्कळ अंशीं वांचल्या.

दुसरें उदाहरण दूरचें आहे. इंग्लंडांतील मेथॉडिस्ट पंथ विल्यम टेलर याच्या प्रचारानें इ. स. १८७१-७२ मध्यें मुंबईंत आला. परंतु त्याच्या मूळ देशांतील आरंभाकडे पाहिलें तर जॉन वेस्ली याच्या आधीं त्याची आई सुझाना वेस्ली दिसते. इ. स. १७११-१२ च्या हिवाळ्यांत तिचा पति, एपवर्थ गांवचा धर्मोपदेशक सॅम्युएल वेस्ली, लंडनास धर्मसभेसाठीं गेला होता. मागें सुझानानें रविवारीं संध्याकाळीं मुलांनां व घरच्या चाकरमाणसांनां जमवून प्रवचनें वाचण्याचा क्रम सुरू केला. हळूहळू शेजारीपाजारी येऊं लागले व मंडळी सुमारें दोनशेंपर्यंत गेली. पतीच्या जागीं नेमलेल्या दुय्यम उपदेशकानें तक्रार केली. पतीनेंहि लोकांस हें विपरीत दिसेल, तूं स्त्री आहेस, असें कळविलें. त्यावर तिनें इ. स. १७१२ च्या फेब्रुवारींत दिलेलीं उत्तरें उपलब्ध आहेत. सभा मोडावयाची असेल तर सल्ला देऊं नका, स्पष्ट आज्ञा करा, म्हणजे देवापुढें जबाब देण्याचा भार माझ्यावर राहणार नाहीं, असा त्यांचा मथितार्थ. आपल्या मनास ही प्रेरणा कशी झाली हेंहि ती सांगते : तरंगंबाडीस आलेल्या डॅनिश मिशनऱ्यांचा वृत्तान्त तिच्या वाचनांत आला होता. म्हणजे त्या पंथाच्या उगमाशीं हिंदुस्थानच्या किनाऱ्याचा एक धागा आहे.

आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. ६ फेब्रुवारीचें पत्र जगापुढें आलें तें सुझानाच्या स्वतंत्र ग्रंथांतून नव्हे. इ. स. १७४२ मध्यें ती वारल्यावर जॉन वेस्ली यानें तें आपल्या रोजनिशींत छापलें, म्हणून तें सर्वांस ठाऊक झालें. जनाबाईचेंहि तसेंच आहे. तिचे अभंग नामदेवाच्या गाथेच्या पोटांत, त्याच्या परिवाराच्या अभंगांबरोबर आले. मुंबईच्या तुकाराम तात्यांपासून महाराष्ट्र शासनाच्या इ. स. १९७० च्या 'श्रीनामदेव गाथे'पर्यंत छापील आवृत्त्यांचीहि रीत तीच. दोन्ही ठिकाणीं स्त्रीचा शब्द पुरुषाच्या वहींत राहिला. भेद इतकाच कीं, सुझानाला स्वतः लिहितां येत होतें व तिच्या पत्रावर तारीख आहे. जनाबाईला दोन्हींपैकीं एकहि लाभलें नाहीं.

आतां मूळ विषयाकडे वळूं. जनाबाईच्या गाथेंत भक्तीचे, वात्सल्याचे, भांडणाचे अभंग पुष्कळ आहेत, तशींच हरिश्चंद्र, द्रौपदी, थालीपाक इत्यादि आख्यानेंहि आहेत. परंतु इतिहाससंशोधकांनीं वापरलेले अभंग काढून एके ठिकाणीं मांडले तर एक गोष्ट चटकन् नजरेस येते : ते बहुतेक याद्या आहेत. कोण कोणाच्या घरीं होतें, कोणी कोणाचें लिहून घेतलें, कोण कोणत्या शकांत जन्मलें, कोण विठोबाच्या अंगाखांद्यावर कोठें बसलें, हें त्यांत क्रमानें सांगितलें आहे. या चार याद्यांची आपण एकेक करून परीक्षा करूं.

(१) कुटुंबाची यादी. एका अभंगांत नामदेवाच्या घरचीं सर्व माणसें नात्यासह मोजलीं आहेत. दामाशेटी व नामा हे बापलेक. गोणाई व राजाई या सासूसुना. नारा, विठा, गोंदा, महादा हे चार पुत्र. लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या चार सुना. लेक लिंबाई, बहीण आऊबाई. आणि शेवटीं वेडी दासी म्हणून जनी स्वतः. एकूण पंधरा. या यादीविरुद्ध एक आक्षेप काढतां येईल : नामदेवाच्या वंशजांनां आपली वंशावळ सिद्ध करण्यासाठीं ती उपयोगी आहे, म्हणून ती मागाहून रचलेली असावी. परंतु वंशावळ रचणारा पुत्रपौत्रांकडे पाहतो. ही यादी पिढीच्या क्रमानें खालीं उतरत नाहीं, घरांतल्या माणसांवरून फिरते. सासूसुनांची जोडी सांगते, सुनांचीं चौघींचीं नांवें घेते, लेक व बहीण गाळीत नाहीं. दानपत्रांत व वंशावळींत सुनांचीं नांवें इतक्या अगत्यानें कोण लिहितो ? पंधरा माणसांचें दळण ज्या बाईच्या वांट्यास येई तिला मात्र हीं पंधरा नांवें सांगतांना वही लागली नसती. म्हणून ही यादी जनीची किंवा निदान त्या घरांतल्या स्वयंपाकघराच्या परंपरेची मानण्यास हरकत दिसत नाहीं. एक सावधगिरी मात्र हवी. राजाई, गोणाई, लाडाई इत्यादींच्या नांवावर जे अभंग गाथेंत आहेत ते या यादीचे स्वतंत्र पुरावे समजूं नयेत. यादी प्रसिद्ध झाल्यावर तिच्यांतील प्रत्येक नांवास अभंग जोडले जाणें हें कीर्तनाच्या परंपरेंत अगदीं शक्य आहे.

(२) लेखनिकांची यादी. हा अभंग हस्तलिखितें जमविणारांस विशेष प्रिय आहे, आणि तो तसा असावा हें योग्यच. ज्ञानदेवाचे शब्द चिदानंदबाबा लिही. निवृत्तीचे बोल सोपानानें लिहिले. मुक्ताईचीं वचनें ज्ञानदेवानें लिहिलीं. चांगदेवाचा लेखनिक शामा कासार, सांवता माळ्याचा काशिबा गुरव, चोखामेळ्याचा अनंतभट्ट. आणि जनीचें लिहिणें पांडुरंगाकडे, असा त्याचा आशय. यांतील पहिल्या विधानास ज्ञानेश्वरीच्या समाप्तीच्या ओवीचा आधार आहे; तीहि शके १२१२ सांगून सच्चिदानंदबाबा लेखक झाल्याचें सांगते. बाकीच्या जोड्या स्वतंत्र पुराव्यानें एकेक सिद्ध करणें कठीण आहे, आणि म्हणूनच या अभंगाचा उपयोग नेहमींपेक्षां निराळ्या रीतीनें करावा असें आम्हांस वाटतें.

या यादींतील जातींकडे पाहा. माळ्याचें गुरव लिहितो, महाराचें ब्राह्मण लिहितो. म्हणजे शब्द कागदावर चढण्याच्या आड जात आली नाहीं, असें ही यादी अभिमानानें सांगते. आतां स्त्रियांकडे पाहा. यादींत दोनच स्त्रिया आहेत. मुक्ताईस लेखनिक आहे, कारण तिला लिहिणारा भाऊ होता. जनीला मनुष्य लेखनिक नाहीं. जिला भाऊ होता तिचें लिहून घेतलें गेलें. जिला केवळ धनी होता तिचें लिहावयास देवास यावें लागलें. भाविक वाचक येथें जनीचा गौरव पाहतो व तो अर्थ अभंगांत आहेच. परंतु चिकित्सक वाचकास त्याच शब्दांत एक कबुलीहि दिसली पाहिजे : जनीचे अभंग तिच्या हयातींत कोणी कागदावर उतरून घेतल्याची आठवण पंथास नव्हती. अभंग स्वतः जनीचा नसून मागाहून कोणी रचला असें म्हटलें तरी हा निष्कर्ष ढळत नाहीं. रचणाऱ्यास प्रत्येकासाठीं एक नांव सांपडलें. जनीसाठीं सांपडलें असतें तर त्यानें तें खचित घातलें असतें.

याचा परिणाम पुष्कळ दूरवर पोंचतो. ज्ञानेश्वरीस लेखनिक होता, तरी तीनशें वर्षांत तिच्यांत इतके अपपाठ शिरले कीं शके १५०६ (इ. स. १५८४) मध्यें एकनाथास ती शुद्ध करावी लागली. जनीच्या अभंगांस लेखनिकहि नव्हता आणि एकनाथहि भेटला नाहीं. ते दळणाकांडणांत, भजनांत व कीर्तनांत गायिले गेले आणि कीर्तनकारांच्या बाडांत जसे आठवले तसे उतरले. त्यांत नामदेवाच्या गाथेंत एकनाथाच्या काळच्या विष्णुदास नाम्याची रचना मिसळली आहे, हें सर्वमान्य आहे. ज्या गाथेंत धन्याचें नांव दोघांनीं वापरलें, तिच्यांत दासीचें नांव एकीनेंच वापरलें असेल असें गृहीत धरतां येत नाहीं. ख्रिश्चन नोवेट्झके यांनीं इ. स. २००८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत बाड हें कीर्तनकाराचें साधन होतें, ग्रंथकाराची प्रत नव्हे, या मुद्द्यावर भर दिला आहे. तो जनाबाईस नामदेवाहूनहि अधिक लागू पडतो.

(३) जन्मशकांची यादी. निवृत्ति शके ११९०, ज्ञानदेव ११९३, सोपान ११९६ व मुक्ताई ११९९, अशी ही यादी आहे. दुसऱ्या परंपरेनें हेच शक अनुक्रमें ११९५, ११९७, ११९९ व १२०१ येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'सुधारकां'त 'भारद्वाज' यांनीं ज्ञानदेव एक कीं दोन हा प्रश्न काढल्यापासून या शकांचा खल होत आला आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची व समाधि शके १२१८ ची. तेव्हां जनीची यादी धरली तर ज्ञानदेव ग्रंथसमाप्तीच्या वेळीं एकोणीस वर्षांचा व समाधीच्या वेळीं पंचवीस वर्षांचा होतो. दुसरी धरली तर पंधरा व एकवीस वर्षांचा. पंधरा वर्षांच्या मुलानें ज्ञानेश्वरी लिहिली हें ज्यांच्या मनास पटत नाहीं त्यांनां जनीची साक्ष सोयीची वाटली. परंतु साक्ष सोयीची आहे म्हणून ती खरी ठरत नाहीं. हिच्याविरुद्ध चार गोष्टी आहेत.

पहिली : चौघांच्या जन्मांत बरोबर तीन तीन वर्षांचें अंतर आहे. (दुसऱ्या परंपरेंत दोन दोन वर्षांचें आहे, म्हणून तीहि या दोषांतून सुटत नाहीं.) ११९९ हा शक दोन्ही याद्यांत येतो, एकींत मुक्ताईचा व दुसरींत सोपानाचा म्हणून. एकच आंकडा दोन नांवांस लागला आहे, यावरून हे शक जन्मटिपणांतून आलेले नसून स्मरणाच्या सोयीसाठीं मांडलेले असावेत असा संशय येतो.

दुसरी : शकास 'शालिवाहन' हें नांव लाविलें आहे. ज्ञानेश्वरीच्या समाप्तींत नुसता शक आहे. तेराव्या शतकांतील लेखांत तें नांव क्वचित् आढळतें. तें सरसकट रूढ झालें तें पुढें विजयनगरच्या काळांत.

तिसरी : प्रचलित पाठांत 'साल' हा फारसी शब्द दोनदां आला आहे. देवगिरीवर खिलजीची पहिली स्वारी इ. स. १२९६ ची, आणि यादवांचें राज्य बुडालें तें त्यानंतर सुमारें वीस वर्षांनीं. जनाबाई इ. स. १३५० पर्यंत जगली असें धरल्यास तो शब्द तिच्या कानीं पडणें अशक्य नव्हे. पण पंढरपूरच्या शिंप्याच्या घरांतील दासीच्या बोलण्यांत तो इतक्या लौकर रुळला असेल हें संभवत नाहीं. गाणाऱ्यानें जुना शब्द काढून हा घातला असेल, असें कोणी म्हणेल. म्हणोत, पण जो गाणारा शब्द बदलतो तो आंकडाहि बदलूं शकतो, आणि मग त्या आंकड्यावर कालगणना उभारण्यांत अर्थ राहत नाहीं.

चौथी : साक्षीदार त्या ठिकाणीं नव्हता. या चौघां भावंडांचा जन्म पंढरपूरचा नव्हे व गंगाखेडचाहि नव्हे. जनीची व त्यांची गांठ पडली असेल ती तीं मोठीं होऊन पंढरपुरास आल्यावर. तेव्हां अभंग तिचाच मानला तरी जन्मशकापुरती तिची साक्ष ऐकीव ठरते.

म्हणून आमच्या मतें ज्ञानदेवाच्या जन्मशकाच्या वादांत जनाबाईचें नांव घेण्याचें सोडून द्यावें. इ. स. २०२५ मध्यें ज्ञानदेवाच्या जन्माचा साडेसातशेवा उत्सव झाला तो शके ११९७ धरून झाला. त्याचा निर्णय ज्यांनां करावयाचा त्यांनीं तो अन्य आधारांवर करावा. या बाईच्या माथीं तो भार नको.

(४) विठोबाच्या लेंकरांची यादी. लेंकुरवाळ्या विठोबाचा अभंग सर्वांच्या तोंडीं आहे, म्हणून त्याचा आशयच सांगतों. खांद्यावर निवृत्ति, हातीं सोपान, पुढें ज्ञानेश्वर, मागें मुक्ताई, मांडीवर गोरा, जिवाबरोबर चोखा, कडेवर बंका आणि करंगळी धरून नामा. हा अभंग गोड आहे म्हणून गायिला जातो. तो एक पट आहे याकडे लक्ष जात नाहीं. आठ माणसांत वाळीत पडलेल्या ब्राह्मणाचीं चार मुलें, एक कुंभार, दोन महार व एक शिंपी आहेत. मंदिरांत ज्यांनां प्रवेश नव्हता ते येथें देवाच्या कडेवर व जिवाशीं आहेत. आणि जो जनीचा धनी, तो सर्वांत शेवटीं करंगळीस लागला आहे. धन्याचा बडेजाव करण्यासाठीं कोणी मागाहून हा अभंग रचला असता तर त्याला ही जागा दिली नसती. लेखनिकांच्या यादींत सांवता आहे व गोरा नाहीं. या यादींत गोरा आहे व सांवता नाहीं. तेव्हां एकीवरून दुसरी केली असेंहि म्हणतां येत नाहीं. हा अभंग जनीच्या मुखांतला मानण्यास आमचें मन घेतें.

या चिकित्सेचें फलित काय ? दोन याद्या ग्राह्य, एक अंशतः ग्राह्य व एक अग्राह्य, एवढाच हिशेब करून थांबलें तर मुख्य गोष्ट हातची जाईल. नामदेवानें 'आदि', 'तीर्थावळी' व 'समाधि' या प्रकरणांत ज्ञानदेवाचें चरित्र सांगितलें. चरित्र एका माणसाचें असतें. पंथ अनेकांचा होतो. त्या अनेकांस एका घरचीं माणसें म्हणून ओळीनें मांडण्याचें काम ज्या अभंगांत झालें ते जनीच्या नांवावर आहेत. मागाहून ज्यांनीं नव्या याद्या रचल्या त्यांनींहि त्या ज्ञानदेवाच्या किंवा नामदेवाच्या नांवावर न घालतां जनीच्या नांवावर घातल्या. जन्मशकांची यादी बनावट असली तरी ती बनविणारास जनीच्याच नांवाची मोहोर कां हवी होती ? कारण घरांतलीं माणसें व घडलेल्या गोष्टी लक्षांत ठेवणारी ती, अशी तिची ख्याति पंथांत आधींच होती. खोटें नाणें पाडणारा चालत्या नाण्याचीच नक्कल करतो. तेव्हां अग्राह्य यादीहि तिच्या अधिकाराची साक्ष देते. फक्त शकाची देत नाहीं.

या अधिकाराची दुसरी बाजूहि ध्यानांत घ्यावी. डोईचा पदर खांद्यावर आला तरी भर बाजारांतून, हातीं टाळ व खांद्यावर वीणा घेऊन जाईन, असें तिच्या एका प्रसिद्ध अभंगांत आहे, आणि लोक अशा बाईस जें नांव ठेवतील तें ती स्वतःच आधीं घेऊन मोकळी होते. स्त्रीचा जन्म म्हणून उदास होऊं नये असेंहि दुसरा अभंग सांगतो. एपवर्थच्या बाईस नवऱ्यानें लोक काय म्हणतील असें विचारलें तेव्हां तिनें पत्रानें उत्तर दिलें. पंढरपूरच्या दासीस पत्र कोणास लिहावयाचें होतें? तिनें गाऊन दिलें. पुढें वेस्लीच्या मरणानंतर, इ. स. १८०३ मध्यें, त्याच्या पंथाच्या परिषदेनें स्त्रियांच्या उपदेशावर कडक निर्बंध घातले. वारकऱ्यांत असा कोणताहि ठराव झाला नाहीं. पण जनीस दळणाच्या कथेंत बसविलें म्हणजे बाजारांतली जनी आपोआप मागें पडते. ठरावानें जें तिकडे झालें तें इकडे गोड कथेनें झालें.

शेवटीं हस्तलिखितें जमविणारांस विनंति. जनीचा अभंग कोठल्याहि बाडांत आढळला तर तो एकटा उतरून घेऊं नये. त्याच्या आधींचा व नंतरचा अभंग कोणाचा, पान कितवें, हस्ताक्षर एक कीं दोन, हेंहि टिपावें. 'नामयाची जनी', 'दासी जनी' व नुसती 'जनी' या मुद्रा वेगवेगळ्या मोजाव्या. त्यांच्या भेदावरून एकाहून अधिक हात ओळखूं येण्याचा संभव आहे. जो अभंग एका बाडांत जनीच्या व दुसऱ्यांत नाम्याच्या मुद्रेनें येतो तो दुप्पट मोलाचा समजावा. वर परीक्षिलेल्या चार याद्यांपैकीं एखादी तारीख असलेल्या जुन्या बाडांत सांपडली, आणि विशेषतः जन्मशकांची यादी 'साल' या शब्दाशिवाय सांपडली, तर वरील निर्णय पुन्हा तपासावा लागेल, व तो आनंदानें तपासावा. गंगाखेड, सोनपेठ, पालम, पूर्णा, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर व परभणी या तालुक्यांतील भजनी मंडळांचीं व मठांचीं बाडें यासाठीं पाहिलीं पाहिजेत.

आणखी एक साधन कागदाबाहेर आहे. हेमा राईरकर व गी पॉइतवँ यांच्या प्रयत्नानें महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून १ लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या गेल्या. त्यांसारख्या ओव्यांत जनी ठिकठिकाणीं येते; पण ती कवयित्री म्हणून येत नाहीं, जात्याशीं बसलेली सखी म्हणून येते. गाथेंतील जनी व ओवींतील जनी यांची तुलना व्हावयास पाहिजे. पिठाच्या गिरण्या आल्यापासून जातें थांबलें आहे आणि त्या ओव्या ज्यांनां येतात त्या बायका आतां म्हाताऱ्या झाल्या आहेत. पोथी पेटींत कांहीं वर्षें वाट पाहूं शकते. या बायकांनां तितका अवधि नाहीं. ज्या स्त्रीला तिच्या काळांत लेखनिक मिळाला नाहीं, तिच्या मागून गाणाऱ्या या स्त्रियांस तरी तो मिळावा.